अंगुस्तानाचे दोन ठोके

वकील हे नाव त्याला पडलं तेव्हा तो जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. समोरच्या घड्याळजींच्या खिडकीतली काचेची बरणी चेंडूने फुटली. बाकीची पोरं पसार झाली, आणि हा तिथेच उभा राहून विचारू लागला, की बरणी इतक्या कडेला ठेवली कुणी, पोरं खेळायच्या वेळी खिडकी उघडी का होती, आणि मुळात रिकाम्या बरणीचं एवढं काय! मारायला धावून आलेले घड्याळजी हसत परत फिरले. "वकील आहे हो तुमचा भाऊ," ते ताईला म्हणाले. त्या दिवसापासून सगळ्या ओळीत तो वकीलच. पुढे तो खरोखरीचा वकील झाला, त्याच्याही पुढे मंत्री झाला, पण ओळीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी हेच नाव राहिलं.

ओळ म्हणजे नदीकाठच्या कापड कारखान्यामागची घरांची रांग. खाली एक खोली, वर पोटमाळा, आणि मधल्या भिंती अशा पातळ की शेजारच्याला ठसका लागला तर आपण पाण्याचा पेला भरावा. कारखान्याने आपल्या कामगारांसाठी ती बांधली होती. कारखाना बंद पडला, माणसं तिथेच राहिली. ताईचे वडील तिथे रंगखात्यात होते. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असत, ते गेले तेव्हाही निळेच होते. आई त्याआधीच गेलेली. मागे उरले दोघं, ताई आणि तिच्याहून पुष्कळ लहान असलेला हा भाऊ. ताईने खिडकीशी शिवणयंत्र मांडलं आणि लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं. तिचं लग्न राहून गेलं. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, "आधी याच्या चड्ड्या पुरत्या होऊ देत." चड्ड्या कधी पुरल्या नाहीत. त्यांच्या विजारी झाल्या, आणि शेवटी एक काळा झगा झाला. तो झगाही तिनेच शिवला. आतली शिवण बाहेरच्याइतकी नेटकी, कारण वाऱ्याने झगा उडतो आणि न्यायाधीशांची नजर कुठे जाईल याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं.

वकिलाला एका नावाजलेल्या म्हाताऱ्या वकिलांच्या हाताखाली जागा मिळाली. त्यांना सगळे मोठेसाहेब म्हणत. त्यांच्याकडे एक रीत होती, आणि ती मोडणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नसत. ते म्हणायचे, "आपली बाजू काय, कुणीही मांडेल. आधी समोरच्याची मांडा. मोठ्याने मांडा, जीव तोडून मांडा, आणि ज्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसासमोर मांडा. त्याला ती पटली, तर समजा आपल्या घराला तिथे भोक आहे."

असं माणूस शोधायला वकिलाला लांब जावं लागलं नाही. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो झगा चढवून यंत्रासमोर उभा राही आणि ताई न्यायाधीश होई. तिच्या बोटात शिवणाचं पितळी अंगुस्तान असे. यंत्राच्या लाकडावर त्याचा एक ठोका म्हणजे 'पाल्हाळ पुरे', दोन ठोके म्हणजे निकाल. निकाल कुठल्याही बाजूने लागो, त्याने मान लववून "मान्य" म्हणायचं.

"तुमचा माणूस खोटा आहे," ती एकदा म्हणाली.

"ताई, कोण माझा माणूस? मी आत्ता समोरच्याची बाजू मांडतोय."

"तेच म्हणते मी. हा समोरचा मला खरा वाटला. म्हणजे तुझा खोटा."

तो डोकं धरून खाली बसला. पण रात्रभर त्याने कागद उलटेपालटे केले, आणि दुसऱ्या दिवशी त्या अशिलाला चार शब्द सुनावून तडजोडीला बसवलं. मोठेसाहेब खूश झाले. "तुमच्या न्यायाधीशबाईंना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. तो नमस्कार ताई कितीतरी दिवस मिरवत होती.

अशात ओळीवरच गदा आली. कारखान्याच्या मालकाच्या मुलांना ती जागा विकायची होती. घरं खाली करा म्हणून नोटिसा आल्या. कायदा ओळीच्या बाजूने होता. वीस वर्षं सलग एका जागी राहिलेल्या माणसाला तिथून हुसकता येत नाही, असा तो होता. ओळीतली माणसं तर त्याच्याही आधीपासूनची. दुसरा वकील करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. "आपला वकील आहे की," घड्याळजी म्हणाले, "लहानपणी माझीच बरणी फोडून मलाच गप्प केलंय त्याने."

त्या खटल्याच्या आधी वकिलाने यंत्रासमोर मालकाची बाजू मांडली. फार छान मांडली, पण ताईला काही ती पटेना. ती पट्टीने माप घेत ऐकत होती. ऐकता ऐकता एकदम थांबली.

"आणि पुराच्या साली रे?"

"पुराच्या साली काय?"

"आपण कुठे होतो इथे? सगळी ओळ टेकडीवरच्या शाळेत नेऊन ठेवली होती. पाणी उतरून, गाळ काढून परत यायला कितीतरी महिने गेले. तू लहान होतास. मग सलग कसं म्हणायचं?"

वकिलाचा चेहरा पांढरा पडला. त्याला वकील झाल्यापासून कुणी इतकं साधं आणि इतकं वर्मी लागणारं विचारलं नव्हतं. त्याने झगा काढला, ओटीवर जाऊन बसला, परत आत आला. आपण हे बोललोच नसतो तर बरं, असं ताईला वाटून गेलं.

मग तो हळूच म्हणाला, "मावशी गेली नव्हती."

मावशी म्हणजे ओळीच्या शेवटच्या घरातली, सगळ्यांची मावशी. कारखान्यात असताना यंत्रात सापडून तिचा एक पाय अधू झाला होता. पूर आला तेव्हा तिने होडीत बसायला साफ नकार दिला. "मला उचलणारा अजून जन्माला यायचाय," ती म्हणाली, आणि पोटमाळ्यावर जाऊन बसली. जाताना ओळीतल्या प्रत्येकाने आपल्या घराची किल्ली तिच्या हवाली केली. होडीवाला रोज संध्याकाळी तिच्या खिडकीखालून जाई, दोरीला बांधून तिचं जेवण वर देई. ओळीतलं कुणी ना कुणी त्याच्याबरोबर असे. मावशी तो सगळा जुडगा खिडकीबाहेर काढून खळखळ वाजवी. किल्ल्या वाजल्या, म्हणजे घरं जागेवर आहेत. शाळेत परत येऊन तेवढंच सांगायचं, की बाकीचे झोपायला मोकळे. वकील लहान होता, तरी हट्टाने होडीत बसून जाई, आणि आल्यावर तोंडानेच तो आवाज काढून दाखवी.

"घर सोडणं म्हणजे किल्ली टाकून जाणं," वकील आता उभा राहून बोलू लागला. "ज्याने आपली किल्ली आपल्याच माणसाजवळ ठेवली, आणि ते माणूस पाण्यातही जागचं हललं नाही, त्याने घर सोडलं असं कुणी म्हणू शकत नाही." बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. ताईने दोन ठोके दिले. तिला पुढचं दिसत नव्हतं इतक्या तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

कोर्टात त्या उत्तराची वेळच आली नाही. मालकाच्या वकिलांना पूर ठाऊक नव्हता, त्यांनी विचारलं नाही. मावशी तोवर वारली होती. ओळ जिंकली. त्या दिवशी वकिलाला लोकांनी खांद्यावर घेतलं. ताईने त्याला आत नेऊन विचारलं, "पुराचं सांगायला नको होतं का रे आपण?"

"विचारलंच नाही कुणी. न विचारलेलं सांगायला मी काय वेडा आहे?" तो हसला. तीही हसली. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्या खटल्याने त्याचं नाव झालं. गरिबांचा वकील म्हणून लोक त्याच्याकडे यायला लागले, पक्षवाले आले, निवडणूक आली. ओळीतल्या बायकांनी त्याच्यासाठी दारोदार फिरून घसा बसवून घेतला. तो निवडून आला, उपमंत्री झाला, आणि पुढे रस्ते आणि घरबांधणी या दोन्ही खात्यांचा मंत्री झाला. त्याचं लग्न झालं, तो मोठ्या बंगल्यात राहायला गेला. ताईला त्याने बोलावलं होतं. ती एक आठवडा राहून आली. "तिथे भिंतीपलीकडे कुणी खोकतच नाही," ती वहिनींना, म्हणजे घड्याळजींच्या बायकोला, म्हणाली. "मला झोप लागेना."

आधी तो दर सुटीला यायचा. मग कधीमधी. त्याची गाडी गल्लीत शिरत नसे, म्हणून तो कोपऱ्यावर उतरून चालत येई, आणि मागून चार माणसं येत. ती चार माणसं ओटीवर उभी असताना उलटी बाजू मांडायची कशी? रीत सुटली ती अशी. ताईनेही मनावर घेतलं नाही. मंत्र्याला कशाला न्यायाधीश, असं तिला वाटलं.

नदीवर नवा पूल व्हायचा होता. पुलाला येऊन मिळणारा रस्ता ओळीवरून जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हाही कुणी घाबरलं नाही. "कोर्टाचा निकाल आहे आपल्याकडे," घड्याळजी म्हणाले. "आणि मंत्री कोण आहे? आपला वकील!"

मग एका दुपारी ताई शर्टाची कॉलर उलटवत असताना रेडिओवर बातमी लागली. सभागृहात मंत्र्यांनी निवेदन केलं होतं. त्यांचाच आवाज ऐकवला. "त्या खटल्यात मी स्वतः रहिवाशांचा वकील होतो. एक गोष्ट तेव्हा न्यायालयासमोर आली नाही. पुराच्या साली ही वस्ती कित्येक महिने रिकामी होती. सलग वास्तव्याचा दावा टिकत नाही. मला हे बोलताना यातना होतात, ती माझी माणसं आहेत. पण आज मी एका ओळीचा नाही, सगळ्या जनतेचा वकील आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. स्वतःच्या माणसांविरुद्धही खरं बोलणारा मंत्री, असं छापून आलं.

घड्याळजी वर्तमानपत्र घेऊन ताईच्या दारात आले. आत आले नाहीत.

"ताई, पुराच्या साली हा एवढासा होता. त्या वर्षाची त्याला कोर्टाच्या कामासाठी आठवण कुणी करून दिली?"

ताईने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना.

"तसं नाही हो, मी आपलं सहज विचारलं," घड्याळजी म्हणाले, आणि वळले. आजवर ताईशी बोलताना त्यांना असं सावरून घ्यावं लागलं नव्हतं.

ती मंत्रालयात गेली. बाहेरच्या खोलीत गादीच्या खुर्च्या होत्या आणि माणसं गुडघ्यावर फायली धरून बसली होती. सचिवाने तिला ओळखलं. "या ना आत्याबाई," तो म्हणाला. हे नातं त्याने कुठून काढलं कोण जाणे. तिला लगेच आत सोडलं, त्याचंच तिला वाईट वाटलं. बसून राहावं लागलं असतं तर जरा राग तरी धरता आला असता.

वकील टेबलामागून उठून पुढे आला. केस पांढरे झाले होते. "ताई, फोन करायचास, गाडी पाठवली असती."

"मावशीचं का नाही सांगितलंस?"

तो दाराकडे बघून आला, ते नीट लागलं आहे का म्हणून. "मी सरकारची बाजू मांडली. ते माझं काम आहे."

"आणि ओळीची कुणी मांडायची?"

"त्यांनी वकील करावा."

"केला होता," ताई म्हणाली.

चहा आला, दोघांनीही घेतला नाही.

"रस्त्याची सुनावणी आहे अजून," तो शेवटी म्हणाला. "तिथे कुणालाही बोलता येतं."

"तू येशील?"

"मला येता येत नाही ताई. मीच सरकार आहे."

तिने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा एक सुटा धागा उचलला, सवयीने. "कुणाकडून शिवतोस रे हे?" तिने विचारलं. "आत सगळं कच्चं आहे." आणि निघाली.

सुनावणी टेकडीवरच्या त्याच शाळेत झाली. लहान मुलांच्या बाकांवर ओळीतली म्हातारी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पूर पाहिलेलं आता फार कुणी उरलं नव्हतं. ताई उभी राहिली आणि तिने मावशीचं सगळं सांगितलं, पाय, होडी, दोरी, जुडगा. वकिलाने यंत्रासमोर मांडलं होतं ते शब्द न् शब्द तिला आठवत होतं, पण तिच्या तोंडून ते नुसती एक गोष्ट झालं. समोरचा अधिकारी तरुण आणि भला होता. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"आजी, फार हृद्य आहे हे," तो म्हणाला. "पण एक बाई राहिली म्हणजे सगळी ओळ राहिली, हे मला कायद्यात कसं बसवता येईल?"

ते कसं बसवायचं हे एकाच माणसाला ठाऊक होतं. ताई खाली बसली. वहिनींनी तिचा हात हातात घेतला, तेवढं एक बरं झालं.

हुकूम आला. ओळीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. ज्या भिंतींतून माणसांचे आवाज यायचे तिथून आता पेट्या ओढल्याचे आवाज येत. त्या दिवसांत एका संध्याकाळी वकील आला. कोपऱ्यावर उतरला, चार माणसांना तिथेच थांबायला सांगून एकटाच चालत आला. ओळीत कुणी दार लावलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. सगळे आपापली बांधाबांध करत राहिले, जणू कुणी आलंच नव्हतं. बरणीच्या दिवशी मार चुकवणाऱ्या त्या माणसाला आज कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याने खिशातून एक नवीकोरी किल्ली काढून यंत्रावर ठेवली. "दोन खोल्या आहेत. उजेड चांगला आहे, यंत्र खिडकीशी बसेल. आधी तुझ्याच हातात द्यावी म्हटलं."

"बाकीच्यांना?"

"यादीप्रमाणे मिळतील. गावाबाहेर आहेत, जरा वेळ लागेल."

ताईने किल्लीला हात लावला नाही. तिने कपाटातून काळा झगा काढला. बंगल्यावर जाताना तो तिच्याकडेच ठेवून गेला होता. दरवर्षी ती त्याला ऊन दाखवी.

"आधी उलटी बाजू," ती म्हणाली.

"ताई, हे काय आता?"

"तू सरकार ना? सरकारची मांडून झाली. समोरच्याची मांड. रीत आहे."

तो हसायला गेला, पण तिने अंगुस्तान बोटात चढवलं होतं. तेव्हा त्याने झगा घेतला. खांद्यात तो आता होत नव्हता, नुसता पाठीवर टाकला. भिंतीकडे बघत, एखादा विसरलेला पाठ म्हणावा तशी त्याने सुरुवात केली.

मग हळूहळू त्याला सूर सापडला. ताई ऐकत राहिली. सभागृहात मांडला होता तो पुराचा मुद्दा त्याने मोडून काढला. त्याने विचारलं, की आगीच्या भीतीने घराबाहेर पळालेला माणूस घर सोडतो का? मग पुराला वेगळा न्याय का? होड्या सरकारनेच पाठवल्या होत्या. आपणच माणसाला उचलून न्यायचं आणि पुढे त्याला म्हणायचं, की तू गेलासच का? कायदा माणूस कुठे निजला ते विचारत नाही, परत यायचं त्याच्या मनात होतं का, ते विचारतो, आणि याची साक्ष मागता, तर ती रोज संध्याकाळी खिडकीतून सगळ्यांना ऐकू येत होती. तिथे आल्यावर त्याचा हात आपोआप वर गेला आणि हवेत खळखळ हलला. कुठल्या कलमात हे बसतं, कुठल्या जुन्या निकालात बसलं आहे, सगळं त्याने सांगितलं. त्या तरुण अधिकाऱ्याने हे ऐकलं असतं तर त्याला हुकूम लिहिताच आला नसता.

त्याला सगळं ठाऊक होतं. काही म्हणजे काही तो विसरला नव्हता. त्याला विसर पडला असेल, अशी ताईला इतके दिवस आशा होती.

तिने लाकडावर दोन ठोके दिले. "ओळ जिंकली," ती म्हणाली.

वकिलाने मान लववली. "मान्य."

ताईला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्याने पाठीवरचा झगा काढला, शिवणीवर शिवण जुळवून नीट घडी घातली, तिनेच शिकवली होती तशी, आणि खुर्चीवर ठेवला. तिच्या पायांना हात लावावा म्हणून तो वाकायला गेला, पण तिने पाय मागे घेतले. मग तो चपला घालून निघाला, आणि कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत एकदाही मागे न बघता चालत गेला. त्या गाडीच्या पुढे, कारखान्याच्या पटांगणात, पाडकामाची पिवळी यंत्रं आणून उभी केली होती.

समोर घड्याळजी खिडकीशी बसून घड्याळं जुन्या कपड्यांत गुंडाळत होते. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा ताईला आपणहून हाक मारली.

"काय म्हणाला वकील?"

"आपण जिंकलो म्हणाला."

घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. "चांगलं बोलला असेल."

"फार चांगलं बोलला," ताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि पुढचं घड्याळ उचललं. ताई आत आली. नवी किल्ली यंत्रावर पडली होती तिथेच होती. तिने ती तशीच राहू दिली, आणि यंत्राच्या लोखंडी पायांचे स्क्रू पिळून सोडवायला खाली बसली.